मला नक्की काय हवंय, हे मला कळलंय का? (राज्यसेवा की मामांचं वर्कशॉप)

करवीरचा_पांथस्थ | 6 जुलै 2025, रात्री 11:50

राम राम मंडळी. तीन-चार वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागलं तर सांभाळून घ्या. आज एकादशी, वर्कशॉप बंद, आणि डोकं काही बंद होईना, म्हणून लिहायला बसलो.

वय 29. गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासून एसटीनं पाऊण तासावर. 2018 ला मेकॅनिकलची डिग्री घेतली, वर्षभर शिरोली एमआयडीसीत नोकरी केली आणि 2019 पासून राज्यसेवेच्या मागं. पूर्व दोनदा निघाली. मुख्य एकदा 11 गुणांनी गेली, दुसऱ्यांदा कितीनं गेली ते बघायचंही मन झालं नाही. यंदापासून मुख्य पूर्ण वर्णनात्मक झाली: नऊ पेपर, 1750 गुण, वर 275 ची मुलाखत. 2023 मध्ये हा बदल 2025 वर ढकलला तेव्हा अभ्यासिकेत आम्ही पेढे वाटले होते. ते 2025 आता उजाडलंय.

एप्रिलमध्ये मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी कटिंगची मशीनं), पाच माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. "तेवढं पंधरा दिवस बघ" म्हणाले, त्याचे तीन महिने झाले. आता म्हणतात, "थांबतोस का? चार आणे भागी देतो." मामेबहीण पुण्यात आयटीत आहे, तिला यात रस नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण धागा त्यामुळंच काढलाय. मे महिन्यात एका पार्टीनं 40 जॉब, म्हणजे आम्ही मशिनिंग केलेले भाग, परत पाठवले. बोअर (आतलं गोल भोक) 62 एच7, म्हणजे 62.000 ते 62.030 मिलिमीटरमध्ये बसायला हवा. त्यांच्याकडं 61.995 भरत होता. आमच्या तपासणीत मात्र सगळे पास. ऑपरेटर म्हणतो त्यांचं गेज खराब, ते म्हणतात तुमचं. मी त्या रात्री एकटाच थांबलो. जॉब काढला की लगेच मोजायचो, दहा मिनिटांनी परत, अर्ध्या तासानं परत. 62.016. 62.007. 61.996. मग ट्यूब पेटली: बीड (कास्ट आयर्न) कोरडंच कापतो आम्ही, कूलंट नाही, त्यात मे महिना. जॉब मशीनवरून उतरतो तेव्हा चांगलाच तापलेला असतो, ऑपरेटर गरमागरम मोजून पास करतो आणि गार झाला की बोअर 20 मायक्रॉननं आवळतो. मशीनमधला टूलचा ऑफसेट (मापाची दुरुस्ती) बदलला, गार झाल्यावरच मोजायचं असा नियम केला, प्रश्न मिटला. घड्याळ बघितलं तर पावणेतीन. आकडे मी भूगोलाच्या नोट्सच्या पाठीमागं लिहिलेले.

अभ्यासिकेत मी दर वीस मिनिटांनी घड्याळ बघतो. सहा वर्षं बघतोय.

आता खरं सांगायचं तर मला वर्कशॉपची लाज वाटते. गावात "साहेब कधी होणार" विचारतात, त्यांना "मामाकडं आहे" सांगताना जीभ अडखळते. मला हिरव्या शाईची सही हवी आहे. पण त्या सहीच्या आधी आणि नंतर दिवसभर जे काम असतं, ते हवंय का, याचं उत्तर मला देता येत नाही. वयोमर्यादा 38 आहे, म्हणजे अजून नऊ वर्षं कुणी मला थांबवणार नाही. तीच भीती वाटते.

तुम्ही कसं ठरवलंत? आपल्याला काय हवंय हे तुम्हाला कधी आणि कशावरून कळलं?

कटवडा | 7 जुलै, सकाळी 8:10

भावा, 20 मायक्रॉनसाठी पावणेतीनपर्यंत जागलास आणि वर आम्हाला विचारालायस काय हवंय म्हणून? विषय संपला की मर्दा.

चौथी_गल्ली | 7 जुलै, सकाळी 10:32

कटवडा, इतकं सोपं नसतं. एक रात्र रंगली म्हणून आयुष्य रंगतं असं नाही. नवीन लग्नात भांडीसुद्धा हौसेनं घासतात.

वाचतेय. सविस्तर लिहीन.

स्पिंडल | 7 जुलै, दुपारी 2:05

मी 22 वर्षं याच धंद्यात, तुझ्यापासून चार गल्ल्या सोडून. पहिल्यांदा शाबासकी. जॉब गार करून मोजायचा हे सांगावं लागू नये, पण निम्म्या उद्यमनगराला सांगावं लागतं.

आता दुसरी बाजू ऐक. तुला जे आवडलंय ते मशीन आहे. मामा जे देतायत तो धंदा आहे. मशीनवरचं कोडं सुटतं, धंद्यातलं सुटेलच असं नाही. तीन महिन्यांत तू पार्टीला वसुलीचा फोन किती वेळा केलास? छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असा 2006 चा कायदा आहे. एप्रिल 2024 पासून तर इन्कम टॅक्समध्येही त्याची मेख मारलीय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. तरी आम्ही फोन करतो तो हात जोडूनच. कारण पुढचं कास्टिंग त्याच्याच हातात.

दर महिन्याच्या 20 तारखेला जीएसटीचं 3बी विवरणपत्र. ऑपरेटर सोमवारी येत नाही. लाईट जाते ती नेमकी फिनिशिंग कटला. दोन महिने ऑर्डर थंड असते तेव्हा पगार खिशातून द्यायचा. हे सगळं करताना घड्याळ किती वेळा बघतोस ते मोज, मग चार आण्यांचं बोल.

माझा भाऊ माझ्यापेक्षा भारी मशीन सेटर. त्याला मी भागीदार केलं आणि त्याचा बट्ट्याबोळ केला. आता तो पगारावर दुसरीकडं आहे, आणि सुखात आहे.

जुना_राजारामियन | 7 जुलै, रात्री 9:40

मी निवृत्त प्राध्यापक, मानसशास्त्र शिकवत असे. धागाकर्त्याचा प्रश्न जुना आहे, पण त्यावर अलीकडं बरंच मोजून झालंय, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा 2013 मधला अभ्यास आहे. 18 ते 68 वयाच्या 19 हजारांहून अधिक लोकांना दोन प्रकारे विचारलं: गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, आणि येत्या दहा वर्षांत किती बदलाल? जवळपास प्रत्येक वयोगटाचं म्हणणं एकच: आजवर खूप बदललो, यापुढं फारसा बदलणार नाही. तिशीतलेही असंच म्हणाले, पन्नाशीतलेही. त्यात एक गमतीचा भाग होता. आज आवडणाऱ्या गायक मंडळींचा कार्यक्रम दहा वर्षांनी ऐकायला लोक सरासरी 129 डॉलर मोजायला तयार होते, आणि दहा वर्षांपूर्वी आवडणाऱ्यांचा कार्यक्रम आज ऐकायला फक्त 80. आजची आवड कायमची आहे असं समजून आपण जास्तीचे पैसे मोजतो. "मला अधिकारी व्हायचंय" हे 2019 मधल्या 23 वर्षांच्या मुलाचं तिकीट आहे. आज 29 चा माणूस ते हातात घेऊन रांगेत उभा आहे.

दुसरी गोष्ट, आर्केस आणि ब्लूमर, 1985. ओहायो विद्यापीठात नाटकांच्या हंगामी पासावर काही जणांना चिठ्ठी टाकल्यासारखी सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण पुढचे काही महिने पूर्ण पैसे भरलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त प्रयोगांना आले. पैसे तर दोघांचेही गेलेले होते. तुमची सहा वर्षं हा भरलेला पास आहे. तो फुकट जाऊ नये म्हणून सातव्या वर्षी नाटकाला जायचं का, एवढाच प्रश्न.

कटवडा | 7 जुलै, रात्री 10:02

सर, भारी लिहिलंय. पण अमेरिकेतल्या पोरानं पास फुकट घालवला तर त्याला गावच्या पारावरून जावं लागत नाही. आमच्याकडं नाटकाला न जाणाऱ्याचं नाटक होतं.

जुना_राजारामियन | 7 जुलै, रात्री 10:15

मान्य. पारावरची माणसं प्रयोगशाळेत मावत नाहीत.

लाल_माती | 8 जुलै, पहाटे 5:20

आखाड्यात जायच्या आधी लिहितोय. चुकलं तर सांभाळा.

मी तेरा वर्षांचा असताना कोल्हापुरात तालमीत आलो. पहाटे चारला उठायचं, माती उकरायची, त्यात ताक, हळद, तेल, लिंबू. जोर-बैठका. घरनं बा दर आठवड्याला एसटीतनं तूप पाठवायचा. मला वाटायचं मी महाराष्ट्र केसरी होणार. अंगानं दणकट होतो, सरावात मोठ्यामोठ्यांना धरायचो. मैदानात मात्र पहिल्या दोन मिनिटांत पडायचो, नाहीतर कुस्ती सोडवून घ्यायचो. सगळे म्हणायचे नशीब, पाय दुखावलाय, पंच तसला.

19 व्या वर्षी वस्तादांनी एकदा हौदाजवळ बोलावलं. अंग पुसत होतो. म्हणाले, "तुला ताकद हाय, डाव हाय. पण तू पडायला भितोस. मातीत कुणी भिऊन मोठा झाल्याला मी बघितला नाही. तू बारक्या पोरांना मात्र लई झ्याक शिकवतोस." बास, एवढंच. मी तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी कळलं की हे मला चार वर्षांपासून माहीत होतं. मैदानाच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा, तो माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होता? पण शिकवण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. ते बाहेरच्यालाच दिसतं.

आता माझ्याकडं 40 पोरं आहेत. दिवसा टेम्पो चालवतो.

खाशाबा जाधवांचं सगळे पदकच सांगतात. मला त्याआधीची चार वर्षं मोठी वाटतात. 1948 ला लंडनला सहावे आले. मातीतला गडी, तिथं कुस्ती मॅटवर, नियम वेगळे. म्हणजे ताकद कमी नव्हती, सवय नव्हती. परत येऊन त्या कुस्तीची तयारी केली, वरच्या वजनात गेले आणि 1952 ला हेलसिंकीला ब्राँझ. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये दिले त्यांना. कुठं कमी पडलो हे नेमकं कळलं पाहिजे. मी नुसतंच पाय दुखावला म्हणत बसलो.

जुना_राजारामियन | 8 जुलै, सकाळी 9:05

लाल_माती, तुमच्या वस्तादांनी जे केलं तेच सिमिन वझिरे या संशोधिकेनं 2010 मध्ये मोजून दाखवलं. आपली भीती, काळजी, आतली घालमेल आपली आपल्याला इतरांपेक्षा चांगली कळते. पण आपली बुद्धी, कल्पकता, अशा गोष्टी जवळच्या मित्रांना आपल्यापेक्षा अचूक दिसतात. म्हणजे स्वतःला ओळखणं हे एकट्यानं खोलीत बसून पुरं होणारं काम नव्हे.

धागाकर्त्यांना एक गृहपाठ: जवळच्या तिघांना विचारा, "मी कधी खुशीत असतो?" "मी काय करावं" हे विचारू नका, त्यावर प्रत्येक जण स्वतःचंच सांगतो.

फॅट_एसएनएफ | 8 जुलै, रात्री 11:15

लिहू की नको करत होतो. लिहितोच.

मी 2017 ला पुण्याची नोकरी सोडून गावी आलो. पंचगंगेच्या काठावर तीन एकर ऊस, घरचं बंद पडलेलं गुऱ्हाळ. ठरवलं, विनारसायन गूळ करायचा, एकेक किलोच्या पेट्या, थेट शहरात विक्री. तुम्हाला सांगतो, काम इतकं देखणं! रस काहिलीत चढला की गुळव्याची नजर हलत नाही. मळी वर येते, ती काढायची, भेंडीचं पाणी घालायचं, परत मळी. बुडबुडे आधी पसरट असतात, मग बारीक होतात. तो काठीनं थोडा पाक घेऊन पाण्यात टाकतो, बोटात गोळी वळते का बघतो आणि म्हणतो, "उतरा." अर्धा मिनिट उशीर झाला तर गूळ गेला. मला वाटलं माझा जन्मच यासाठी आहे.

2018-19 चा एक हंगाम झाला. ऑगस्ट 2019 ला पूर आला. ऊस आठ दिवस पाण्याखाली, शेंडेसुद्धा दिसत नव्हते. पुढचा हंगाम गेला आणि मी गुऱ्हाळ बंद केलं. चार लाखांचं कर्ज. लोकांना सांगितलं, पुरानं बुडवलं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

2021 ला परत पूर आला तेव्हा घरातलं सामान माळ्यावर चढवताना जुनी वही सापडली. पुराच्या आधीच्या हंगामाची. एक लाख 80 हजार रुपये लोकांकडून यायचे होते. एकालाही मी फोन केलेला नव्हता. विनारसायन गूळ काळपट असतो, गिऱ्हाईक म्हणायचं पिवळा नाही, भाव कमी करा. मी लगेच करायचो. रंग असा का, हे समजावून सांगायची मला लाज वाटायची. म्हणजे पाणी यायच्या आधीच मी बुडालो होतो. पूर मला फार सोयीचा पडला, दोन वर्षं मी त्याच्याआड लपलो.

त्या रात्री माळ्यावर बसून आणखी एक दिसलं. वही इतकी स्वच्छ होती! एकाही आकड्यावर गिरवागिरव नाही. मला माल विकता येत नाही, पैसे मागता येत नाहीत, पण हिशोब मला आवडतो आणि जमतो. आज गावच्या दूध संस्थेत सचिव आहे. रोज दोन वेळा म्हातारी माणसं किटली घेऊन येतात, फॅट लागली नाही की माझ्यावर ओरडतात. पावती दाखवून समजावतो. गंमत म्हणजे इथं वाद घालायची लाज वाटत नाही, कारण पैसे माझे नसतात.

तर भावा, 11 गुणांनी गेली म्हणतोस. ते 11 गुण कशात गेले हे वही उघडून बघितलंस का? की तो तुझा पूर आहे?

स्पिंडल | 9 जुलै, सकाळी 7:30

_/\_ शेवटचं वाक्य मीच घेऊन चाललो.

चौथी_गल्ली | 9 जुलै, दुपारी 3:50

सगळ्यांचं वाचलं. फॅट_एसएनएफ, तुमचं दोनदा. आता जरा कडू बोलते.

वरचे सगळे पुरुष. प्रत्येकाला चुकायला एकेक संधी मिळाली. गुऱ्हाळ, तालीम, सहा वर्षं अभ्यासिका. स्वतःची ओळख चुकूनच होते हे मला पटतं, पण चुकायचं भाडं कोण भरतं? माझ्या भावाला बारावीनंतर विचारलं, "तुला काय करायचंय?" मला सांगितलं, "डीएड कर, दोन वर्षांत मास्तरीण होशील." आमची बॅच बाहेर पडली आणि भरतीच थांबली. 2013 ला टीईटी आली, ती मी पास झाले, तरी नोकरी नाही. मग प्रश्न आला तो "या दोन स्थळांपैकी कुठलं?" एवढाच.

माझ्या हाती पहिली खरी निवड आली ती 31 व्या वर्षी. 40 हजारांचं शिलाई मशीन घ्यायचं, का ते पैसे घराच्या रंगाला द्यायचे. मशीन घेतलं. आता राजारामपुरीत मागच्या खोलीत शिवलेल्या नऊवाऱ्या करते. गणपती ते लग्नसराई श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि हो, मला वर्गात 40 पोरांपुढं उभं राहायला अजिबात आवडलं नसतं, हे कळायला मात्र डीएडच्या सरावपाठांचे दोन महिने पुरले होते. तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. बोलले असते तर काय झालं असतं, माहीत नाही. पण बोलले नाही, हे माझंच.

म्हणून पांथस्थ, तुमच्यासमोर दोन दारं उघडी आहेत, हे आधी नीट बघा. दुःखाच्या स्वरात लिहिलंयत म्हणून सांगितलं.

आणि एक व्यवहाराचं. चार आणे भागी तोंडी घेऊ नका. भागीदारी करार करा, नोंदवा. मशीनचं कर्ज कुणाच्या नावावर, नफा कसा, मामेबहिणीचा हक्क काय, मामांच्या पश्चात काय. मामा देवमाणूस असतील. माझे सासरेही होते.

कटवडा | 9 जुलै, सायंकाळी 6:15

ताई, एक नंबर. मी आता गप्प बसतो.

अवांतर: दोन्ही करता येत नाही का? आपला स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातला कांबळवाडीचा. रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ. नोकरी धरून केलं की त्यानं.

लाल_माती | 10 जुलै, पहाटे 5:05

त्याला लहानपणापासून एकच माहीत होतं, बंदूक. नोकरी त्या बंदुकीच्या पाठीशी होती. ह्या भावाला अजून बंदूक कुठली तेच ठरवायचंय. दोन बंदुका धरल्या तर एकही खांद्याला लागत नाही.

करवीरचा_पांथस्थ | 27 जुलै, रात्री 10:30

उशिराबद्दल माफी. सांगितलेलं सगळं केलं.

पहिलं, वही. दोन्ही मुख्यच्या गुणपत्रिका काढल्या. त्या 11 गुणांचा मी फार डंका पिटलाय. इंग्रजी-मराठीच्या वर्णनात्मक पेपरात दोन्ही वेळा माझे गुण सगळ्यात कमी. म्हणजे लिहिण्यात मार खातो हे कागदावर होतं, आणि आता नऊच्या नऊ पेपर लिहिण्याचेच. मी मात्र वर्षानुवर्षं वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी नोट्स काढत राहिलो, कारण नोट्स काढताना अभ्यास झाल्यासारखा वाटतो. तीन वर्षांत पूर्ण वेळ लावून लिहिलेली सराव उत्तरपत्रिका एकूण चार. होय फॅट_एसएनएफ, हा माझा पूर होता.

दुसरं, तिघांना विचारलं. आई म्हणाली, "जेवताना बोलतोस तेव्हा." मी जेवताना बोलतो हे मला माहीत नव्हतं. एप्रिलपासून बोलतोय म्हणे. बहीण म्हणाली, तू खुशीत असतोस तेव्हा शिट्टी मारतोस, आणि सहा वर्षांत ती विसरलास. अभ्यासिकेतला जोडीदार, जो आता तलाठी आहे, तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे, इन्व्हर्टर बंद पडला की सगळे शिव्या द्यायचे आणि तू एकटाच खूष होऊन स्क्रू ड्रायव्हर शोधायचास."

तिसरं, स्पिंडलदादांचं. वसुलीचे नऊ फोन केले. पहिल्या दोन फोनांना हात थरथरला, पाचव्यानंतर काही वाटेना. तीन पार्ट्यांनी पैसे टाकले. एकानं "मामांना बोलायला सांग" म्हणून ठेवून दिला. जीएसटी मात्र कंटाळवाणंच आहे, त्यात दोनदा घड्याळ बघितलं. अभ्यासिकेच्या मानानं काहीच नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पूर्व आहे. फॉर्म भरलाय. जाणार नाही असं आज वाटतं. उद्या काय वाटेल याची खात्री देत नाही, सरांनी 129 डॉलरची भीती घातलीय.

स्पिंडल | 28 जुलै, सकाळी 7:10

"मामांना बोलायला सांग" म्हणणाऱ्याकडं स्वतः जा. फोन नाही, समोर. आणि कास्टिंग आणायच्या वेळीच जा.

चौथी_गल्ली | 28 जुलै, दुपारी 1:20

शिट्टीवरून आठवलं, मी मशीनवर असताना गुणगुणते असं मुलगी सांगते. मला ऐकू येत नाही.

बाबांना सांगितलंत का?

करवीरचा_पांथस्थ | 17 ऑगस्ट, रात्री 9:45

सांगितलं. आठवडाभर बोलले नाहीत. काल न सांगता वर्कशॉपवर आले. इस्त्रीची टोपी, पायात नवीन कोल्हापुरी, लग्नाला आल्यासारखे. व्हीएमसीच्या काचेतून बराच वेळ बघत उभे राहिले. मी टूल लागताना दाखवला, बोअर गेज हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून परत दिलं आणि विचारलं, "लाईट बिल किती येतं?" सांगितलं. "बाप रे" म्हणाले. मग चहा प्यायले. जाताना ऑपरेटरला विचारत होते, "हा वेळेवर येतो काय?"

गावात अजून "परीक्षा चालू आहे" असंच सांगतात. मी दुरुस्त करत नाही. माझं मला तरी कुठं लगेच सांगता आलं?

पुस्तकं अभ्यासिकेतल्या एका पोराला दिली. रंगीत पेनं ठेवलीत, जॉबवर खुणा करायला बरी पडतात.

फॅट_एसएनएफ | 17 ऑगस्ट, रात्री 10:20

लाईट बिल विचारलं म्हणजे बाबा निम्मे आलेत. ज्यात जीव नाही त्याचं बिल कोण विचारतंय?

चौथी_गल्ली | 18 ऑगस्ट, सकाळी 11:00

ते सगळं छान. करार झाला का?

करवीरचा_पांथस्थ | 18 ऑगस्ट, रात्री 8:35

मामा म्हणाले, घरात कसला कागद.

चौथी_गल्ली | 18 ऑगस्ट, रात्री 8:41

मग?

करवीरचा_पांथस्थ | 18 ऑगस्ट, रात्री 9:10

बुधवारी मामी घरी असतात. त्यांच्यासमोर परत विषय काढतो. वसुलीच्या पहिल्या फोनाला हात थरथरला होता, तसा आत्ता थरथरतोय.